गल्फमधली लॉटरी, गावाकडचं खातं आणि आयकर

प्रश्न असा आला आहे. विचारणाऱ्याचं गाव खेड तालुक्यात, गेली सहा वर्षं नोकरी शारजात. दहा मित्रांनी वर्गणी काढून अबूधाबीच्या ‘बिग तिकीट’चं एक तिकीट घेतलं, एकाच्या नावावर. बक्षीस लागलं आणि प्रत्येकाच्या वाट्याला दोन लाख दिरहॅम येणार आहेत, म्हणजे आपल्याकडचे पंचेचाळीस-पन्नास लाख. दहातला एक जण मागच्या वर्षी नोकरी सोडून कायमचा गावी आला आहे. ‘भारतात लॉटरीवर तीस टक्के कापतात असं सगळे सांगतात. माझा वाटा थेट वडिलांच्या खात्यावर मागवू का? आणि त्या परतलेल्या मित्राचं काय?’

आधी उत्तर देतो. तुमच्या वाट्यावर अमिरातीत कर नाही, कारण तिथे व्यक्तीच्या अशा कमाईवर आयकरच नाही. भारतातही नाही, पण दोन अटींवर: ज्या आर्थिक वर्षात सोडत निघाली त्या वर्षी तुम्ही आयकराच्या हिशेबात अनिवासी असले पाहिजेत, आणि पैसा पहिल्यांदा तुमच्या हातात भारताबाहेर पडला पाहिजे. म्हणून थेट वडिलांच्या खात्यावर मागवू नका. आधी तुमच्या शारजातल्या खात्यात घ्या, मग हवे तेवढे गावी पाठवा. मित्राचं प्रकरण वेगळं आहे, त्याच्यावर पुढे सविस्तर लिहितो.

तीस टक्क्यांची गोष्ट खोटी नाही, अर्धवट आहे. आयकर कायद्याच्या कलम ११५बीबीमध्ये लॉटरी, शर्यती, पत्ते, जुगार, पैजा यांच्या बक्षिसावर सरसकट ३० टक्के आणि वर त्या कराच्या रकमेवर ४ टक्के सेस (उपकर) आहे, म्हणजे ३१.२ टक्के. एकूण उत्पन्न ५० लाखांच्या वर गेलं की सरचार्ज, म्हणजे अधिभारही लागतो. पण हे कलम दर सांगतं. कर कुणावर लागतो हे कलम ५ आणि ६ ठरवतात, आणि चहाच्या टपरीवर सल्ला देणारे तिथपर्यंत पोचत नाहीत. (१ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू झाला आणि कलमांचे क्रमांक बदलले. मी जुनेच वापरतोय, कारण बँकेपासून सीएपर्यंत सगळ्यांच्या तोंडी अजून तेच आहेत.)

कलम ५ म्हणतं की भारतातल्या सामान्य रहिवाशाची जगभरची कमाई करपात्र. अनिवासी माणसाची मात्र दोनच प्रकारची: जी भारतात निर्माण झाली ती, आणि जी भारतात मिळाली ती. अबूधाबीच्या सोडतीचं बक्षीस भारतात निर्माण होत नाही. ते भारतात ‘मिळालं’ असं कुणाला म्हणता येऊ नये, एवढीच खबरदारी आपल्या हातात असते.

‘मिळणं’ म्हणजे पैसा पहिल्यांदा तुमच्या ताब्यात येणं. सर्वोच्च न्यायालयाने १९५३ मध्ये केशव मिल्सच्या खटल्यात हे स्पष्ट केलं आहे. एकदा परदेशात ताब्यात आलेला पैसा नंतर भारतात पाठवला तर ती नुसती रवानगी असते, उत्पन्न पुन्हा मिळत नाही. याची उलट बाजू लोक विसरतात. आयोजकाला किंवा तिकीटधारक मित्राला तुम्ही ‘माझा वाटा चिपळूणच्या खात्यात टाक’ असं सांगितलंत, तर अधिकारी म्हणू शकतो की अनिवासी माणसाला हे उत्पन्न भारतात मिळालं. एनआरई खातं (अनिवासी भारतीयांसाठीचं खातं) असलं तरी ते भारतातलंच खातं. एनआरईवरचं व्याज करमुक्त असतं, त्यावरून लोक समजतात की त्या खात्यात आलेलं सगळंच करमुक्त. तसं नाही. एका चुकीच्या खाते क्रमांकाने चौदा-पंधरा लाखांचा वाद अंगावर ओढवून घेण्यात काही अर्थ नाही. आधी शारजाची एंट्री, तिचं स्टेटमेंट, मग रेमिटन्स.

आता दिवसांचा हिशेब. आर्थिक वर्षात १८२ किंवा जास्त दिवस भारतात असाल तर रहिवासी. नोकरीसाठी परदेशी जाणारा आणि सुटीवर गावी येणारा भारतीय नागरिक यांना सर्वसाधारणपणे हीच १८२ ची मर्यादा. तुम्ही वर्षाला महिना-दीड महिना येता, त्यामुळे प्रश्न नाही. पासपोर्टवरचे शिक्के जपून ठेवा, येण्याचा आणि जाण्याचा दोन्ही दिवस भारतात धरून मोजा.

फसतो तो नवा गेलेला माणूस. समजा, कुणी नोव्हेंबरात पहिल्यांदा दुबईला गेला (आमच्याकडे मस्कतला असो की दोह्याला, माणूस ‘दुबईलाच’ असतो) आणि जानेवारीत त्याला लॉटरी लागली. त्याचा व्हिसा तिथला, पगार तिथला, खातं तिथलं. पण एप्रिल ते नोव्हेंबर तो भारतात होता, म्हणजे १८२ दिवस कधीच उलटले. आयकर खातं वर्षाचे तुकडे करत नाही, मार्चअखेरपर्यंत तो रहिवासीच. जगभरची कमाई करपात्र, म्हणून अबूधाबीच्या बक्षिसावर भारतात पूर्ण ३१.२ टक्के आणि असेल तो सरचार्ज. तीच सोडत एप्रिलमध्ये लागली असती तर शून्य. १ एप्रिलपासून सलग गावी असलेल्या माणसाचे १८२ दिवस २९ सप्टेंबरला भरतात. जॉइनिंगची तारीख हातात असेल तर गणपती करून लगेच निघावं, दसऱ्यापर्यंत थांबू नये, असं मी क्लायंटना सांगतो. तिथल्या पहिल्या वर्षाच्या पगारालाही हेच लागू आहे.

अजून एका नियमाची उगाच धास्ती आहे. २०२० च्या वित्त कायद्याने असं आणलं की ज्या भारतीय नागरिकाचं परदेशी उत्पन्न सोडून बाकीचं उत्पन्न १५ लाखांच्या वर आहे आणि जो कुठल्याच देशात करदाता नाही, त्याला भारताचा रहिवासी मानायचं. अमिरातवाले नेमके यात बसतात. पण असा मानीव रहिवासी ‘सामान्यतः रहिवासी नसलेला’ या वर्गात जातो, ज्याला आम्ही आरएनओआर म्हणतो, आणि त्याच्या परदेशी लॉटरीला भारतात हात लागत नाही. शिवाय ते बक्षीस परदेशी उत्पन्न असल्यामुळे १५ लाखांच्या मोजणीतही येत नाही. म्हणजे बक्षीस मोठं लागलं म्हणून तुम्ही रहिवासी ठरलात, असं होत नाही.

वडिलांना पैसे देण्याबद्दल. मुलाने वडिलांना दिलेली भेट कितीही मोठी असो, वडिलांना त्यावर कर नाही. कलम ५६ मध्ये नातेवाइकांची यादी आहे आणि आई-वडील त्यात आहेत. साध्या कागदावर भेटपत्र करा, दोघांच्या सह्या घ्या, रेमिटन्सची पावती जोडा. त्या पैशांच्या एफडीवरचं व्याज पुढे वडिलांचं उत्पन्न. पत्नीला दिलेत तर भेट करमुक्तच, पण तिच्या एफडीचं व्याज कलम ६४ खाली तुमच्या उत्पन्नात धरलं जाईल. ते व्याज भारतात निर्माण होतं, म्हणून तुम्ही अनिवासी असलात तरी सुटका नाही.

या यादीत एक गंमत आहे. नातं मोजायचं ते घेणाऱ्याच्या बाजूने. काकाने पुतण्याला दिलं तर काका हा पुतण्याच्या वडिलांचा भाऊ, यादीत आहे, कर नाही. पुतण्याने काकाला दिलं तर काकाच्या यादीत पुतण्या कुठेच नाही, ५० हजारांच्या वर गेलं की सगळी रक्कम काकाचं करपात्र उत्पन्न. चुलत, मावस, आते, मामे भाऊबहिणी कायद्याच्या लेखी नातेवाईकच नाहीत. कोकणात एका घरात वाढलेली चुलत भावंडं असतात, त्यांना हे पटत नाही. घराच्या दुरुस्तीसाठी काकांना पैसे द्यायचे असतील तर आधी वडिलांना द्या आणि वडिलांनी भावाला द्यावेत. दोन्ही पायऱ्या यादीत बसतात, फक्त दोन्ही व्यवहार खरे असू द्या.

आता तुमच्या परतलेल्या मित्राकडे येतो, कारण खरी गुंतागुंत तिथेच आहे.

तो गेल्या वर्षी आला आणि यंदा पूर्ण वर्ष गावी आहे, म्हणजे रहिवासी. पण रहिवासी झाल्यावरही लगेच जगभरची कमाई करपात्र होत नाही. आधीच्या सात वर्षांत मिळून भारतातले दिवस ७२९ किंवा त्याहून कमी असतील, किंवा आधीच्या दहांपैकी नऊ वर्षं तो अनिवासी असेल, तर तो आरएनओआर. सात-आठ वर्षं गल्फमध्ये काढून दरवर्षी चाळीस-पंचेचाळीस दिवस येणाऱ्याचे ७२९ इतक्यात भरत नाहीत. बहुतेक परतणाऱ्यांना अशी दोन, क्वचित तीन वर्षं मिळतात आणि त्यांच्यापैकी बहुतेकांना ती मिळाल्याचं कळतही नाही. तेव्हा त्याचा पासपोर्ट घेऊन बसा आणि दिवस मोजा. आरएनओआर निघाला तर त्याच्या वाट्यावरही भारतात कर नाही, मात्र पैसा पहिल्यांदा भारताबाहेर हातात पडला पाहिजे, ही अट त्यालाही आहे. त्याचं तिकडचं खातं चालू असेल तर पैसे तिथेच जाऊ द्या. व्हिसा रद्द होऊन खातं बंद झालं असेल तर तिकीटधारकाने त्याच्या वतीने अमिरातीत रक्कम स्वीकारल्याचं लेखी अधिकारपत्र आणि पावती तरी करून ठेवा, रक्कम वाटण्याच्या आधी. ताबा मित्रामार्फत तिथेच आला, असा मुद्दा त्यावर मांडता येतो. तो नक्की टिकेलच असं मी म्हणणार नाही.

दिवस ७२९ च्या वर गेले आणि नऊ वर्षांची अटही बसली नाही तर तो सामान्य रहिवासी, आणि कलम ११५बीबी पूर्ण लागू. ४५ लाखांवर ३० टक्के साडेतेरा लाख, त्यावर सेस ५४ हजार, एकूण १४ लाख ४ हजार. दुसरं काहीच उत्पन्न नसलं तरी पहिल्या रुपयापासून हाच दर, मूळ सवलतीची मर्यादा इथे वापरता येत नाही. तिकिटाची वर्गणी वजा होत नाही, आधीच्या कोऱ्या गेलेल्या तिकिटांचा खर्च तर नाहीच. इथे टीडीएस कापायला कुणी नाही, तेव्हा ॲडव्हान्स टॅक्स (वर्ष संपायच्या आत हप्त्यांनी भरायचा कर) त्यानेच भरायचा. सोडत अचानक लागते हे कायद्यालाही मान्य आहे: बक्षीस लागण्याआधीच्या हप्त्यांचं व्याज लागत नाही, पुढच्या हप्त्यांत भरलं की झालं. सोडत १५ मार्चनंतरची असेल तर ३१ मार्चपर्यंत.

इथे त्याला कुणीतरी हुशार भेटेल आणि सांगेल, ‘बक्षीस दाखवूच नको, मित्रांनी भेट दिली म्हण.’ गणित मोहात पाडणारं आहे. मित्रांची भेट करपात्र असते, पण स्लॅबच्या दराने. २०२५-२६ च्या नव्या प्रणालीत दुसरं उत्पन्न नसलेल्या माणसाला ४५ लाखांवर ९ लाख ६७ हजारांच्या आसपास कर येतो. सव्वाचार लाखांहून जास्त फरक. पण वर्गणी त्याने भरली होती, वाटा त्याचाच होता, आणि तुमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ते सगळं लिहिलेलं आहे. हक्काच्या पैशाला भेट म्हणणं म्हणजे उत्पन्न चुकीचं दाखवणं, आणि चुकीच्या माहितीचा दंड कराच्या २०० टक्क्यांपर्यंत जातो. मी अशा रिटर्नवर काम करत नाही.

त्याला आणखी एक विचारा: गावी आल्यानंतर त्याने तिकिटाची वर्गणी कशी भरली? शारजातल्या शिल्लक पैशांतून भरली असेल तर ठीक. भारतातल्या कार्डावरून किंवा बँकेतून पाठवली असेल तर फेमाच्या (परकीय चलनाच्या कायद्याच्या) २००० सालच्या चालू खाते व्यवहार नियमांच्या पहिल्या परिशिष्टात लॉटरीची तिकिटं घेण्यासाठी परकीय चलन पाठवायला सरळ बंदी आहे. त्या दंडाची कमाल मर्यादा गुंतलेल्या रकमेच्या तिप्पट. पुण्यात बसून अबूधाबीची तिकिटं ऑनलाइन काढणाऱ्या रहिवाशांनाही हेच लागू. संकेतस्थळाने कार्ड स्वीकारलं म्हणजे व्यवहार कायदेशीर झाला, असं नाही.

दहा जणांनी मिळून तिकीट काढणं गल्फमध्ये सर्रास चालतं आणि कागद कुणीच करत नाही. आयोजकाच्या लेखी विजेता एकच असतो, ज्याचं नाव तिकिटावर. उरलेल्या नऊ जणांचा हक्क सिद्ध करायला सोडतीच्या आधीचे पुरावे लागतात: वर्गणी पाठवल्याचे व्यवहार, तिकिटाचा फोटो ग्रुपवर टाकल्याची तारीख, नावांची यादी. बक्षीस लागल्यावर केलेला करार उपयोगी आहे, पण आधीचा कागद त्याच्यापेक्षा दसपट वजनाचा. तुमच्याकडे काय काय आहे ते आजच एका ठिकाणी साठवा, फोन बदलायच्या आत.

सुटीवर येऊन भारतातच जिंकलात तर सगळं फिरतं. गोव्यात मांडवीवरच्या कॅसिनोत, महालक्ष्मीच्या रेसवर किंवा महाराष्ट्र राज्य लॉटरीत लागलेलं बक्षीस भारतात निर्माण झालेलं आहे, तिथे एनआरआय असण्याचा काही फायदा नाही. ५ लाख लागले तर १ लाख ५६ हजार कर. आदल्या रात्री कॅसिनोत चार लाख घालवले असतील तर ते तुमचे गेले, वजावट नाही. आणि भारतातल्या लॉटरीचं बक्षीस बाहेर न्यायलाही त्याच फेमा परिशिष्टात मनाई आहे. पैशांच्या ऑनलाइन खेळांवर तर २०२५ च्या कायद्याने बंदीच आली, तेव्हा तो विषय सोडून देतो.

हाच प्रश्न अमेरिकेतून आला असता तर उत्तर पार वेगळं झालं असतं, आणि न्यू जर्सीतल्या आपल्या लोकांकडून तो येतोच, म्हणून लिहितो. एच-वन-बी व्हिसावर राहून तिथल्या दिवसांच्या कसोटीत बसणारा माणूस अमेरिकेचा कर-रहिवासी. त्याची लॉटरी, कॅसिनो, बेटिंग, सगळं करपात्र, बक्षिसाची नोंद देणारा फॉर्म डब्ल्यू-टू-जी मिळो वा न मिळो. ५,००० डॉलरच्या वरच्या लॉटरीतून २४ टक्के आधीच कापतात, पण शेवटचा कर तुमच्या ब्रॅकेटप्रमाणे. राज्याचा कर वेगळा: कॅलिफोर्निया स्वतःच्या लॉटरीवर राज्यकर घेत नाही, टेक्सास आणि फ्लोरिडात राज्याचा आयकरच नाही, न्यू जर्सी १०,००० डॉलरच्या वरच्या लॉटरीवर घेतं. हरलेली रक्कम वजा करता येते, पण आयटमाइज केलं (ठोक वजावटीऐवजी एकेक खर्च दाखवला) तरच आणि जिंकल्याच्या मर्यादेत, आणि २०२६ पासून हरलेल्या रकमेच्या ९० टक्केच. म्हणजे वर्षभरात एक लाख जिंकून एक लाख हरलेल्या माणसालाही दहा हजारांवर कर.

ग्रीन कार्ड किंवा अमेरिकी नागरिकत्व घेऊन दुबईत नोकरी करणाऱ्या मराठी माणसांनी तर कान टवकारून ऐकावं. अमेरिका तुम्हाला जगात कुठेही सोडत नाही. परदेशी पगारावर जी वजावट मिळते ती कष्टाच्या कमाईपुरती आहे, लॉटरी त्यात बसत नाही. तुमच्या जागी असा माणूस असता तर याच बक्षिसावर अमिरातीत शून्य, भारतात शून्य आणि अमेरिकेत पूर्ण कर भरला असता.

नुसतं फिरायला लास व्हेगासला गेलेल्या भारतीय रहिवाशाच्या स्लॉट मशीनच्या बक्षिसातून ३० टक्के कापले जातात. ब्रिटन, जर्मनी, जपान वगैरे देशांच्या रहिवाशांना करारामुळे यातून सूट आहे, भारताचं नाव त्या यादीत नाही. ब्लॅकजॅक, रूलेट, क्रॅप्स, बॅकरा यांवर मात्र परदेशी पाहुण्यांना कर नाही. घरी आल्यावर ही कमाई भारताच्या रिटर्नमध्ये दाखवायची आणि त्यासाठीचा फॉर्म (जुन्या नियमांत क्रमांक ६७) भरून तिथे कापलेल्या कराचं क्रेडिट घ्यायचं. ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलियात सामान्य खेळणाऱ्याच्या बक्षिसावर तिथला कर नाही, पण तिथे राहणाऱ्याने भारताच्या बाबतीत सुरुवातीच्या दोन अटी (त्या वर्षी अनिवासी असणं आणि पैसा आधी भारताबाहेर घेणं) पाळायच्याच.

तुम्ही पुढे कधी कायमचे परत आलात तर अनिवासी असताना मिळवलेला पैसा तिथेच ठेवायला फेमाची परवानगी आहे. आरएनओआरची वर्षं संपली की त्यावरचं व्याज भारतात करपात्र होईल आणि ते खातं रिटर्नच्या शेड्यूल एफएमध्ये (परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात) दाखवावं लागेल. न दाखवल्यास काळा पैसा कायदा, २०१५ खाली १० लाखांचा दंड आहे. ‘कुणाला कळणार’ हे दिवस गेले, अमिरातीतल्या बँका खात्यांची माहिती ठरलेल्या करारानुसार आपोआप भारताला कळवतात. आत्ता, अनिवासी असताना, फक्त या बक्षिसासाठी भारतात रिटर्न भरायची गरज नाही. भारतात भाडं किंवा व्याज असेल तर ते नेहमीप्रमाणे भरा. मोठी रक्कम आली की बँक मॅनेजर विचारेल. आयोजकाचं विजेत्याचं पत्र, तिकिटाची प्रत, वाटणीचा कागद आणि शारजाचं स्टेटमेंट एवढं दाखवलं की पुरतं.

बक्षिसाची बातमी गावभर झाली की फोन सुरू होतील: ‘तुमची रक्कम कस्टममध्ये अडकली आहे, भारतातला कर आधी भरा म्हणजे सुटेल.’ भारताचा आयकर पॅनवर, आयकर खात्याच्या पोर्टलवरून चलनाने भरतात, कुणाच्या वैयक्तिक खात्यात किंवा यूपीआयवर नाही. वडिलांना हे फोनवर आजच सांगून ठेवा, कारण असे फोन तुम्हाला शारजात येणार नाहीत, ते त्यांना येतील.